बटन नसलेला करंट

माझ्या घरच्यांच्या मते मी उभ्या आयुष्यात एकच काम केलं, लोकांची बटनं दाबली. वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात होते, मोठा भाऊही तिथंच लागला. ‘बाप पॉवर तयार करते, मोठा पोरगा पॉवर तयार करते, आन धाकटा पॉवरचं बटन पुसते,’ असं आमची आई पाहुण्यांना सांगायची. मग पाहुणे माझ्याकडे बघून गप्प चहा प्यायचे. आयटीआय करून मी चिमूरला बसस्टँडजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, मोबाइल, जे येईल ते उघडत गेलो. भावाची मुलं मला बटनकाका म्हणतात. मी रागावत नाही, कारण खोटं नाही. आलेल्या दहा वस्तूंपैकी पाच-सहांचं दुखणं बटनातच असतं.

दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, काय लिहू? ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा,’ असं उत्तर मिळालं. गमती आहेत, आधी त्याच सांगतो. पण ज्या गोष्टीसाठी मी हा कागद पुढं ओढला ती गमतीची नाही, हे सांगून ठेवलेलं बरं.

मागच्या दिवाळीला पुतणीनं विचारलं, ‘काका, पॉवर बटनाला पॉवरच का म्हणतात? त्यानं तर लाइट लागतो.’ आमच्या घरात असले प्रश्न माझ्याकडे येतात, पगाराचे प्रश्न भावाकडे जातात. मला वडिलांनी सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं. यंत्र फिरवायच्या ताकदीला साहेबाच्या भाषेत पॉवर म्हणायचे. ती ताकद आधी पाण्याची होती, मग वाफेची झाली, मग विजेची. दिवे वेगळे आणि पॉवर वेगळी. आपल्याकडचे जुने वायरमन अजून तसंच बोलतात. बल्बचा तो लाइटचा पॉइंट, आणि इस्त्री, गिझर जिथं लागतो तो मोठ्या तीन भोकांचा पॉवरचा पॉइंट. यंत्रात ही पॉवर सोडणारा खटका तो पॉवरचा खटका. पुढं खटक्याचं बटन झालं, नाव तेवढं मागच्याचं राहिलं. बटनावरची ती उभी रेघ आणि गोल म्हणजे एक आणि शून्य. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. बटन एकच उरलं तेव्हा दोघांना एकमेकांत बसवलं. पुतणी म्हणाली, ‘मला वाटलं गोगलगाय आहे.’

खटका आणि बटन यात मात्र मोठा फरक आहे, आणि तो मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर समजावत आलो. जुन्या रेडिओचा कान पिळला की खट्ट व्हायचं आणि तार खरोखर तुटायची. आत करंटचा थेंब जात नसे. आताचं बटन तार तोडत नाही. ते आतल्या सर्किटच्या पट्टीला अर्ज करतं, की मालक म्हणतात बंद व्हा. पट्टीला पटलं तर ती बंद होते, आणि तेव्हाही एक डोळा उघडा ठेवून झोपते. म्हणून तर रिमोट दाबल्यावर टीव्हीला जाग येते. एका गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे आमच्या हेडमास्तरासारखं.’

आमच्या भागात बटनं मरण्याचं मुख्य कारण म्हणजे दसरा. त्या दिवशी नांगर, विळा, शिलाई मशीन यांची पूजा होते तशी फ्रिजची, मोटरपंपाची, कॉम्प्युटरचीही होते. यंत्राचं कपाळ कोणतं, तर पॉवर बटन. हळदीकुंकवाचं ओलं बोट बरोबर तिथंच टेकतं. बटनाच्या फटीतून कुंकू आत जातं, वाळतं, आणि आठवड्याभरात बटन आत जाऊन बसतं ते वर येत नाही. दसऱ्यानंतर माझ्या टेबलावर लाल कपाळाच्या यंत्रांची रांग लागते. एका बाईंना मी म्हटलं, ‘कुंकू जरा बाजूले लावा न बाई, झाकणावर.’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या लग्नात तुम्ही बायकोच्या खांद्याले लावले होते काय?’ मी गुपचूप पट्टी पुसायला घेतली. बायको हे प्रत्येक दसऱ्याला नव्यानं सांगते.

झाल्या गमती.

गेल्या काही वर्षांत माझ्या दुकानात सगळ्यात जास्त येते ती झटका मशीन. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जंगल आणि शेत यांच्यात एका धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं अंतर. धानाच्या लोंब्या निसवल्या की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत भाताची बांधी लोळवून ठेवतात. म्हणून शेताभोवती तार ओढायची आणि तिला ही मशीन जोडायची. मशीन बॅटरीवर चालते, बॅटरी सोलर पट्टीवर भरते. ती तारेत क्षणभर झटका सोडते, थांबते, परत सोडते. डुक्कर असो की माणूस, हात लागला तर मुंगी चावल्याच्या शंभरपट ठणका बसतो, पण मधल्या थांबण्यात सुटायला सवड मिळते. माणूस मागं उडतो, शेतमालकाच्या आईबहिणीची आठवण काढतो आणि घरी जातो. मरत नाही. हे मी गावोगावी तारेला स्वतःचा हात लावून दाखवलं आहे. लोक हसायचे, म्हणून परत लावून दाखवायचो.

मरण आहे ते दुसऱ्या पद्धतीत. मशीन नसली किंवा बिघडली की काही जण खांबावरच्या लाइनवर तारेचा आकडा टाकतात आणि तीच लाइन सरळ शेताच्या तारेला जोडतात. याला आमच्याकडे डायरेक्ट म्हणतात. यात थांबणं नाही. धरलं की धरलं. त्यात डुक्कर मरतं, बैल मरतो, वाघ मरतो, माणूस मरतो. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी दर हंगामाला कोणीतरी लावतो.

चिमूरच्या पूर्वेला एका गावात नामदेवभाऊंचं शेत आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. मशीन मीच बसवून दिली होती. शेताच्या एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला तलाव. वस्तीतला गोविंदा तलावावर मासे धरायचा. पहाटे जाळं खांद्यावर टाकून तो नामदेवभाऊंच्या धुऱ्यावरून जायचा, कारण रस्त्यानं गेलं तर फार वळसा पडतो. त्यासाठी या दोघांचं ठरलेलं होतं. नामदेवभाऊ पहाटे मशीनचं बटन दाबून ती बंद करायचे, गोविंदा तार ओलांडून जायचा, आणि येताना केळीच्या पानात मूठभर मासोळ्या भाऊंच्या राखणीच्या खोपडीत ठेवायचा.

मशीन चालू असली की टक टक वाजते. ते बटनापेक्षा भरवशाचं, असं गोविंदाचं मत होतं. मी तार ओढत होतो त्या दिवशी तो तिथं उभा राहून मला म्हणाला, ‘भाऊ, तुमी त्या लाल लाइटाचं सांगून राह्यले, पण अंधारात एवढ्या दुरून लाइट कोन पाह्यते? मी कानानं जातो. वाजून राह्यली त बसतो बिडी पेत. नाई वाजली त गेलो.’

नामदेवभाऊ म्हणाले, ‘बिडी पेत बसते आन मले आवाज देते, उठ रे म्हातारीच्या. एखाद्या दिवशी मुद्दाम चालू ठेवतो याच्यासाठी.’

‘ठेव न. मासोळ्या बिल्लीले टाकीन.’

सगळं गावच तसं वागायचं. वाजते म्हणजे चालू, वाजत नाही म्हणजे बंद. गुराखीही आधी कान द्यायचे, मग तारेखालून वाकायचे. मशीनपुरतं ते अगदी बरोबर होतं.

गेल्या हंगामात, धान भरात असताना, बाजाराच्या दिवशी नामदेवभाऊ मशीन पिशवीत घालून दुकानात आले. बटनावरचं रबर फाटलं होतं आणि आत चिखलाचं पाणी गेलं होतं. चिखलाच्या अंगठ्यानं दाबून दाबून ते बिचारं निकामी झालेलं. त्या मापाचं बटन माझ्याकडे नव्हतं. नागपूरहून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मागवावं लागणार होतं.

मी म्हटलं, ‘भाऊ, आजच पाहिजे असन त बटन काढून दोन तारा सरळ जोडून देतो. मशीन चालूच राहील. बंद कराची असन त बॅटरीच्या क्लिपा काढा.’

त्यांनी मशीन हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, ‘नाई. पहाटेस डोळ्यात झोप असते, अंधार असते. क्लिप अर्धीच निंघाली आन मधातच परत चिकटली त गोविंदाले झटका बसन न. बटनच टाक. एक रात जागल करतो.’

‘जागलच करजा. डायरेक्ट लावजा नोको.’

‘नाई लावत न बा. लेकराबाळाचं गाव आहे.’

हे बोलणं मला जसंच्या तसं आठवतं, कारण पुढं ते मला बऱ्याचदा आठवावं लागलं. गोविंदाला झटका बसू नये म्हणून त्यांनी बटनासाठी मशीन माझ्याकडे ठेवली. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी कुठंही सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून बटन आलं. ते बसवलं, वाजवून पाहिलं. फोन केला तर भाऊंचा फोन बंद. मशीन पाठीच्या पिशवीत टाकली तेव्हा बायको म्हणाली, ‘आता घरपोच द्याले लागले काय? उद्या फ्रिजही पाठीवर नेसान.’ मी म्हटलं, डुकरं काही दुकान उघडायची वाट पाहत नाहीत. खरं म्हणजे मला त्या भागात वाघ फिरतो हे माहीत होतं. वाघाची भीती असताना एकटा माणूस रात्रभर जागल करत बसेल, हे मला रात्रीपासून पटत नव्हतं.

गावाच्या तोंडाशी पोरं रस्त्यावर उभी होती. शाळेच्या वेळेला शाळेबाहेर उभी असलेली पोरं पाहिली की समजावं. एक जण म्हणाला, ‘गोविंदाले करंट लागला.’

शेतावर गेलो. गोविंदा धुऱ्यावर होता, अंगावर कोणाचं तरी धोतर टाकलेलं. जाळं बांधीच्या पाण्यात अर्धं, बाहेर अर्धं. कोणीतरी बांबूनं आकडा पाडून टाकला होता, त्याची तार खाली पडली होती. नामदेवभाऊ पळसाखाली बसले होते. कोणी त्यांच्याजवळ नव्हतं आणि कोणी त्यांच्यापासून लांबही जात नव्हतं.

काय झालं ते तिथंच कळलं. संध्याकाळी शेजारच्या शिवारात वाघाची डरकाळी ऐकू आली. रात्री डुकरं उतरली, पण वाघ जवळ असताना शेतभर फिरून ती हाकलायची सोय नव्हती. त्या आठवड्यात शेतपंपांच्या लाइनला रात्री वीज मिळायची पाळी होती. भाऊंनी आकडा टाकला. पहाटे गोविंदा यायच्या आत काढून घेईन, असं ठरवून टाकला. बराच वेळ जागे राहिले आणि उजाडायच्या जरा आधी डोळा लागला.

गोविंदा आला. थांबला असेल, कान दिला असेल. टक टक नव्हती. लाइनचा करंट वाजत नाही.

मी पिशवीसकट उभा होतो. नामदेवभाऊंचे मोठे भाऊ गणपतराव माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘मशीन आनली न? दे इकडे. खांबाले टांगून देतो. पोलीस यायचे आहेत.’

‘आता टांगून का करता?’

‘मशीनचा झटका लागला म्हनू. मशीन लावाले परवानगी आहे. तुले का लागते?’

आता मी काही शूर माणूस नाही. आमच्या घरी पाल निघाली तर बायको मारते, मी बल्ब धरतो. पण त्या मशीननं माणूस मरत नाही हे मी त्याच गावात तारेला हात लावून सांगितलेलं होतं. ती तिथं टांगली असती तर मी खोटा ठरलो असतो, ते एक. आणि उद्या लोकांनी मशीनला घाबरून सगळीकडे आकडेच टाकले असते, ते दुसरं. हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. गणपतराव म्हणाले, ‘उठ न बे.’ मी म्हटलं, ‘पाय दुखून राह्यले.’

हवालदार आले. त्यांनी पडलेली तार पाहिली, खांब पाहिला. मग विचारलं, ‘हे बंद करायचं बटन कुठं होतं?’

मी म्हटलं, ‘याले बटन नसते साहेब.’

‘तुम्ही कोण?’

सांगितलं. मशीन कालपासून दुकानात होती, हेही सांगितलं. नामदेवभाऊ पहिल्यांदा वर पाहून म्हणाले, ‘बरोबर सांगते थो. मशीन त्याच्याजवळ होती. आकडा मीच टाकलो.’ गणपतरावांनी डोक्याला हात लावला.

नामदेवभाऊंना घेऊन गेले. पुढं जामिनावर सुटले, केस चालू आहे. त्या गावातून माझ्याकडे दुरुस्तीला येणं बंद झालं. बाजारात एक जण मला म्हणाला, ‘गेलेला त गेला. तुह्या एका बोलण्यानं राह्यलेलाही गेला.’ उत्तर होतं, पण दिलं असतं तरी ते त्याच्या कामाचं नव्हतं.

महिना-दोन महिन्यांनी गोविंदाची बायको शेवंता दुकानात आली. मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही.

‘भाऊ, थो ऐकल्याबिगर जाये नाई. मंग गेला कसा?’

मला वाटलं होतं तिला हे कोणीतरी सांगितलं असेल. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या धंद्यात समजावून सांगणं मला येतं, असं मी मानत होतो. मशीन थांबून थांबून झटका मारते म्हणून वाजते, लाइनचा करंट थांबत नाही म्हणून वाजत नाही. एवढ्या दोन वाक्यांना मला किती वेळ लागला कोण जाणे.

ती म्हणाली, ‘म्हंजे जो मारते थो चूप राह्यते.’ मग स्टुलावर बसली.

तिचं काम वेगळंच होतं. तलाव मच्छीमार सोसायटीचा. पाळीच्या दिवशी घरातलं कोणी जाळ्यावर गेलं नाही तर त्या दिवसाचा वाटा नाही. घरात दोन लहान मुली आणि सासू. आता ती स्वतः जात होती. रस्त्याच्या वळशानं गेलं तरी दुसऱ्यांची शेतं लागतात, आणि सगळ्यांच्या तारा तलावापर्यंत आल्या आहेत. ‘चूप करंट समजन असं काई आहे का तुमच्याजवळ?’

होतं. पेनासारखा टेस्टर येतो. तारेला न लावता नुसता जवळ नेला की करंट असेल तर वाजतो. तिच्या हातात दिला. त्याला एक छोटं बटन, त्यावर तोच गोल आणि रेघ. ते दाबलं की हिरवा दिवा लागतो. दुकानातल्या बोर्डाजवळ तिनं धरला, तो वाजला. ती दचकली, परत धरला.

मग मी तिला या धंद्यातली पहिली शिकवण सांगितली, जी मला वायरमन लोकांनी शिकवली होती. ‘बाई, हा वाजला म्हंजे करंट आहे. पन नाई वाजला म्हंजे करंट नाई, असं नसते. सेल गेले असतीन, बटन दाबलं गेलं नसन. म्हनून निंघाच्या आधी घरच्या चालू बोर्डाले लावून पाहाचा. तिथं वाजला तरच तलावाकडे निंघाचं.’

तेवढ्यात हिरवा दिवा विझला. ‘मी त दाबलो नाई. काऊन बंद झाला?’

‘सेल वाचवाले आपोआप बंद होते.’

‘आपोआप नोको न भाऊ.’

त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. कंपनीनं तसाच बनवला आहे. थोड्या थोड्या वेळानं बटन दाबत राहा, दिवा पाहत राहा, म्हटलं.

या उन्हाळ्यात ती परत आली. टेस्टरचं बटन गेलं होतं. वरची गोल-रेघ पुसून कोरी झालेली, रबराला खड्डा. धुऱ्यावरून चालताना ती पावलोपावली बटन दाबत जाते. एवढं दाबलेलं बटन मी आजवर पाहिलं नाही. नवा घे म्हटलं तर म्हणाली, हाच चांगला कर, याची सवय झाली.

काम करता करता विचारलं, ‘सोसायटीत ठीक चाललं न?’

‘दोन पाळ्या गेल्या. पहाटे गावातली लाइन नव्हती. बोर्डच नाई वाजला, मंग कशी जाऊ? बाया म्हनतात, लाइन नाई त करंट कुठी राहीन, येडी. वावरातली लाइन वेगळी असते न भाऊ?’

‘वेगळी असते.’

‘मी थेच सांगतो. नाई आयकत. सासू म्हनते, वाटा घालवते, घरात बसून राह्यते. बसतो त बसतो.’

बटन बसवून झालं. दिवा लागला. वाजवून दाखवायला मी बोर्डाकडे हात नेला आणि चिमूरची लाइन गेली. पंखा हळू होत थांबला. बसस्टँडवरचं गाणं बंद पडलं. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारची लाइन अशीच जाते.

मी म्हटलं, ‘झालं आहे काम. बटन मी स्वतः तपासलं. घेऊन जा, बस लागली आहे तुझी.’

तिनं टेस्टर हातात घेतला, दिवा पाहिला आणि माझ्या टेबलावर परत ठेवला.

‘वाजू दे आधी,’ म्हणाली.

‘कधी येईल सांगता येत नाही बाई.’

‘येईन तवा येईन.’

तिनं स्टूल भिंतीकडे ओढलं. तिची बस आमच्या दुकानावरूनच जाते. कंडक्टरनं ओळखून हात केला, तिनं मान हलवली. बस गेली. मी दुसरं काम हातात घेतलं, पण लाइनशिवाय माझं कुठलंच काम होत नाही. आम्ही दोघं त्या बोर्डाकडे बघत बसून राहिलो.